परग्रहावर कुणी शहाणं असलंच, तर आपल्याला काय त्याचं?

१९०० साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस जाहीर केलं. क्लारा गूझमान नावाच्या धनिक बाईंनी मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले होते. रक्कम एक लाख फ्रँक. दुसऱ्या एखाद्या ग्रहावरच्या किंवा ताऱ्यावरच्या जीवांशी संपर्क साधून तिकडून उत्तर मिळवेल, त्याला ते मिळणार होतं. फक्त मंगळ चालणार नव्हता. मंगळावर कुणीतरी राहतं हे त्या काळी इतकं गृहीत धरलं जात होतं, की त्यांच्याशी बोलणं हे बक्षीस देण्याजोगं अवघड काम वाटतच नव्हतं!

किस्सा गमतीचा आहे, पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. परग्रहावर बुद्धिमान जीव आहेत असं उद्या कळलं तर माणसाचं जग मुळापासून हादरेल, धर्म कोसळतील, देश आपापली भांडणं विसरून एकत्र येतील, असं आपण सहज बोलून जातो. खरं तर माणसाने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. शनीचा टायटन हा चंद्र शोधणाऱ्या ह्युजेन्सने इतर ग्रहांवरच्या रहिवाशांबद्दल अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ मध्ये ते छापलं गेलं. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल तर सूर्यावरसुद्धा वस्ती असावी असं म्हणायचा, आणि १७९५ साली त्याने ते शोधनिबंधात मांडलंही. १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने चंद्रावर वटवाघळासारख्या पंखांची माणसं दिसल्याची थाप मारली आणि कितीतरी वाचकांनी ती खरी मानली. या सगळ्यामुळे माणसांच्या वागण्यात काय फरक पडला? काही नाही. लोक शेती करत राहिले, भाडी भरत राहिले. मंगळवासीयांच्या बातम्या चवीने वाचणाऱ्या पिढीनेच १९१४ साली एकमेकांवर तोफा डागल्या. पुढे १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं, त्याने पाठवलेल्या वीसेक छायाचित्रांत खड्डे आणि ओसाड जमीन दिसली, आणि मंगळवासी कायमचे गेले. त्यांच्यासाठी कुणी सुतक पाळल्याची नोंद नाही.

मग फरक पडतच नाही म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. फरक पडतो, पण आपण तो भलत्याच ठिकाणी शोधतो.

आधी प्रश्नाचा गुंता थोडा सोडवून घेऊ. ‘ते असणं’, ‘ते असल्याचं आपल्याला कळणं’ आणि ‘त्यांच्याशी बोलणं होणं’ या तीन गोष्टी आपण एकाच वाक्यात कोंबतो. नुसत्या असण्याने काहीच होत नाही. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथे या क्षणी एखादी प्रगत संस्कृती नांदत असेल आणि तिने आपल्या दिशेने संदेश पाठवला, तर तो पोचायला २५ लाख वर्षं लागतील. आपली सेपियन्स ही जात आहेच मुळी सुमारे तीन लाख वर्षांची. अशा शेजाऱ्याचं असणं आणि नसणं आपल्या लेखी सारखंच.

बोलण्याचीही तीच गत, कारण अंतरं. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्याखालोखाल आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने सूर्यापासून दूर चाललंय. ते प्रॉक्सिमाकडे निघालेलं नाही, पण निघालं असतं तर पोचायला ७५ हजार वर्षं लागली असती. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणून बोलणं प्रवासापेक्षा कितीतरी स्वस्त आणि वेगवान. तरीही हजार प्रकाशवर्षांवरच्या कुणाला ‘कसं काय?’ विचारलं तर ‘बरं आहे’ हे उत्तर दोन हजार वर्षांनी येणार. याला संवाद म्हणायचं की पत्र टाकून मरून जाणं, ते ज्याने त्याने ठरवावं.

उरतं ते ‘कळणं’. सगळी गंमत तिथे आहे.

कळेल तरी कसं? १९५९ मध्ये जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की परग्रहवासी बोलत असतील तर रेडिओ लहरींवर ऐकून पाहावं, आणि तेही १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास. विश्वात सगळीकडे भरून राहिलेला हायड्रोजन याच वारंवारतेवर लहरी सोडतो, त्यामुळे खगोलशास्त्र जाणणाऱ्या कुणालाही ती माहीत असणार. दुसऱ्याच वर्षी फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. हाती काही लागलं नाही. तेव्हापासून हा शोध कधी सरकारी, कधी खासगी पैशांवर चालू आहे. अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये नासाच्या शोधाचा निधी बंद केला. २०१५ मध्ये युरी मिल्नर या उद्योगपतीने दहा कोटी डॉलर देऊन नवा, मोठा शोध सुरू करून दिला.

या काळात ‘सापडले!’ असं वाटायला लावणारे प्रसंगही आले. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी ठोका देणारा रेडिओ स्रोत सापडला. ठोके इतके नेमके होते की त्या चमूने त्याला गमतीत ‘हिरवी बुटकी माणसं’ असं टोपणनाव दिलं. मग आकाशाच्या वेगळ्याच भागात तसाच दुसरा स्रोत मिळाला. दोन ठिकाणच्या दोन संस्कृती एकाच वेळी, एकाच पद्धतीने पृथ्वीला हाका मारतील हे पटण्यासारखं नव्हतं. ते स्वतःभोवती गरगर फिरणारे मृत तारे निघाले, पल्सार. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही वर्षं अधूनमधून विचित्र स्पंदनं मिळत होती. २०१५ मध्ये त्यांचा उगम वेधशाळेतल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सापडला. ओव्हन थांबायची वाट न पाहता कुणी दार उघडलं की दुर्बिणीत ‘संदेश’ यायचा. अशा अनुभवांमुळे या क्षेत्रातली माणसं एरवीच्या शास्त्रज्ञांहूनही जास्त संशयी झाली आहेत, आणि ते बरंच आहे.

समजा, एक दिवस शंका फिटली. संदेश खरा आहे, नैसर्गिक नाही, पृथ्वीवरचा नाही. त्या दिवशी आपल्या हाती काय असेल? बहुधा एका अरुंद वारंवारतेवर आलेल्या संदेशाची आलेखातली रेघ. त्यात काही लिहिलेलं असलं तरी ते वाचता येईल अशी आशा मला फारशी वाटत नाही. सिंधू लिपी आपल्याच जातीच्या, आपल्यासारखाच मेंदू असलेल्या माणसांनी लिहिली, आणि आपण अजून ती सर्वमान्य रीतीने वाचू शकलेलो नाही. क्रीट बेटावरची ‘लिनियर ए’ ही लिपीही तशीच पडून आहे. इजिप्तची चित्रलिपी सुटली, कारण तोच मजकूर ग्रीकमध्येही कोरलेला दगड सापडला. परग्रहाहून असा दगड कोण पाठवणार? गणित दोघांनाही समान असेल असं म्हणतात, आणि मूळ संख्यांपुरतं ते खरंही असेल. पण ‘दोन, तीन, पाच, सात’ यावरून कर्करोगाच्या औषधापर्यंत पोचायचा रस्ता मला तरी दिसत नाही.

म्हणजे ज्ञानाचा खजिना नाही, गप्पा नाहीत, भेट नाही. नुसतं एवढंच कळलं की ‘कुणीतरी आहे’. माझ्या मते या एवढ्याशा माहितीतच सगळ्यात मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि ती त्यांच्याविषयी नसून आपल्याविषयी आहे.

त्यासाठी ड्रेककडे परत जावं लागेल. १९६१ मध्ये ग्रीन बँकला दहाएक जाणकारांची छोटी बैठक झाली. तिची विषयपत्रिका म्हणून ड्रेकने एक समीकरण मांडलं. आपल्या आकाशगंगेत दर वर्षी किती तारे जन्मतात, त्यांतल्या किती ताऱ्यांना ग्रह असतात, किती ग्रह राहण्याजोगे, त्यांतल्या किती ठिकाणी जीव उपजतो, किती ठिकाणी बुद्धी, किती ठिकाणी रेडिओ बनवण्याची अक्कल, आणि शेवटी अशी संस्कृती किती वर्षं टिकते. सगळ्यांचा गुणाकार केला की आज आकाशगंगेत बोलू शकणाऱ्या संस्कृती किती, ते मिळतं. पहिल्या काही संख्या आता बऱ्यापैकी माहीत आहेत. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला; २०२२ पर्यंत बाह्यग्रहांच्या, म्हणजे सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांच्या, यादीने पाच हजारांचा आकडा ओलांडला. ग्रह पैशाला पासरी आहेत. मधल्या संख्या, म्हणजे जीव आणि बुद्धी, अजूनही अंदाजपंचे. आणि शेवटची, टिकण्याची, तर कुणालाच माहीत नाही.

त्या बैठकीतल्या मंडळींचा ढोबळ अंदाज असा झाला की शेवटची संख्या सोडून बाकी सगळ्यांचा गुणाकार साधारण एकाच्या आसपास येतो. म्हणजे आकाशगंगेत दर वर्षी सरासरी एक नवी बोलकी संस्कृती तयार होते. अंदाज फार उदार आहे, पण हिशेबाला सोपा, म्हणून तोच धरू. मग एका वेळी किती संस्कृती हयात असतील? एक संस्कृती जितकी वर्षं टिकते, तितक्या.

आता दोन शक्यता पाहा. संस्कृती सरासरी २०० वर्षं टिकते असं धरलं तर एका वेळी २०० संस्कृती. सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आकाशगंगेत त्या विखुरल्या, तर दोघींमधलं अंतर साधारण सहा हजार प्रकाशवर्षं येतं. एकीची हाक दुसरीच्या दारात पोचेपर्यंत हाक मारणारी मरून ५,८०० वर्षं झालेली असतात, आणि त्या वेळी ऐकायला तिथे कुणी असेलच असंही नाही. याउलट संस्कृती दहा लाख वर्षं टिकत असेल, तर एका वेळी दहा लाख संस्कृती आणि शेजारी दोनेकशे प्रकाशवर्षांवर. तेव्हा मात्र हाक ऐकू येण्याची खरोखर शक्यता आहे.

याचा व्यत्यास महत्त्वाचा. आपल्याला जर कधी हाक ऐकू आली, तर ती मारणारे बहुधा दीर्घायुषी असणार. अल्पायुषी संस्कृती एकमेकींना सापडतच नाहीत. शिवाय आपल्याला रेडिओ येऊन जेमतेम १३० वर्षं झाली. रेडिओ येणाऱ्यांच्या जमातीत आपण आत्ताच दाखल झालोय. भरलेल्या चौकात डोळे मिटून कुणाचाही हात धरला, तर तो काल जन्मलेल्या बाळाचा निघण्याची शक्यता किती? तसंच इथे. जो कुणी सापडेल तो आपल्याहून थोडा पुढे असेल असं नाही, फार पुढे असेल. हजारो, कदाचित लाखो वर्षं.

आणि असा कुणी सापडणं म्हणजे काय? अणू फोडायला शिकल्यानंतर, जनुकं बदलायला शिकल्यानंतर, आपल्याच ग्रहाचं हवामान बिघडवण्याइतकी ताकद आल्यानंतरही एखादी जमात लाखभर वर्षं तग धरू शकते, याचा पुरावा. आज असा पुरावा आपल्याकडे नाही. तंत्रज्ञान असलेल्या संस्कृतीचं एकच उदाहरण आपल्याला माहीत आहे, आपलं, आणि त्याचा शेवट अजून लिहून व्हायचाय. निराशावादी म्हणतात, एवढी ताकद आली की कुठलीही जमात स्वतःला संपवतेच. त्यांना खोटं ठरवायला अंतराळातून आलेली एक रेघ पुरेशी आहे. तिच्यातला मजकूर वाचता आला नाही तरी चालेल.

इथे थोडा हात आखडता घ्यायला हवा. जे टिकले तेच सापडणार, म्हणून शंभरातल्या नव्याण्णव संस्कृती मेल्या असल्या तरी आपल्याला दिसेल ती उरलेली एकच. तेव्हा टिकणं शक्य आहे एवढंच सिद्ध होईल. सोपं आहे असं नाही. आणि कसं टिकायचं ते तर मुळीच कळणार नाही. तरी मला ही माहिती लाखमोलाची वाटते. ‘होऊ शकतं’ आणि ‘होऊच शकत नाही’ यांतलं अंतर ‘सोपं’ आणि ‘अवघड’ यांतल्या अंतरापेक्षा फार मोठं आहे.

आता नाणं उलटं करू. काहीच ऐकू येत नाही, त्याचाही काही अर्थ असतो का? १९५० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने सहकाऱ्यांना विचारलेला ‘मग सगळे आहेत कुठे?’ हा प्रश्न प्रसिद्ध आहे. आकाशगंगा एवढी जुनी, तारे एवढे अब्जावधी, तर आत्तापर्यंत कुणीतरी पसरायला हवं होतं. १९९० च्या दशकात रॉबिन हॅन्सन या अर्थतज्ज्ञाने याला एक भेदक वळण दिलं. निर्जीव रसायनांपासून ताऱ्यांमध्ये पसरलेल्या संस्कृतीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी एक जबरदस्त गाळणी असली पाहिजे, जिच्यातून जवळपास कुणीच पार होत नाही. ती गाळणी आपल्या मागे आहे की पुढे?

मागे असू शकते. पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांची आहे. जीवाच्या खुणा निदान ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या मिळतात, म्हणजे तो तसा लवकरच आला. पण त्यानंतर दीडेकशे कोटी वर्षं बॅक्टेरियांसारख्या साध्या पेशींच्या पलीकडे गाडी सरकली नाही. केंद्रक असलेली गुंतागुंतीची पेशी हाच कदाचित तो विलक्षण दुर्मिळ योग असेल. तसं असेल तर आपण गाळणीतून आधीच पार झालोय. ती पुढे असेल तर मात्र कठीण आहे.

यातून एक उफराटा निष्कर्ष निघतो आणि तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी तो २००८ मध्ये रोखठोक मांडला: मंगळावर जीवाचा मागमूस नसावा अशीच त्यांची इच्छा आहे. मंगळावर स्वतंत्रपणे उपजलेले सूक्ष्मजीव सापडले, तर एकाच सूर्यमालेत दोनदा जीव घडला, म्हणजे ती पायरी सोपी. मग गाळणी पुढे असण्याची शक्यता वाढली. गुंतागुंतीच्या प्राण्याचे अवशेष सापडले तर आणखी वाईट. ज्या बातमीवर सगळं जग टाळ्या वाजवेल ती आपल्या भवितव्याच्या दृष्टीने अशुभ, आणि शांतता शुभ! युक्तिवाद चोख आहे, पण त्याचा पाया तकलादू आहे असं मला वाटतं. ‘कुणीच नाही’ हे आपल्याला माहीत नाही. ‘अजून ऐकू आलं नाही’ एवढंच माहीत आहे. दिशा, वारंवारता, वेळ, संदेशाची ताकद आणि त्याची घडण या सगळ्यांचे जितके मेळ शक्य आहेत त्यांतला नगण्य भाग तपासून झालाय. साठेक वर्षांच्या चाचपणीवरून विश्व रिकामं ठरवणं घाईचं आहे.

भीतीचं काय? स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये सांगितलं होतं की परग्रहवासी इथे आले तर कोलंबस अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचं जे झालं तेच आपलं होईल. पण कोलंबसाला एक समुद्र ओलांडायचा होता. फक्त एक किलो वजन प्रकाशाच्या एक दशांश वेगाला न्यायचं, तर हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसारख्या सातेक बॉम्बइतकी ऊर्जा लागते, आणि थांबायचं असेल तर पुन्हा तेवढीच. सैन्य राहू दे, एक शिपाई पाठवणंही परवडणारं नाही. शिवाय ज्याला ताऱ्यांमधून प्रवास जमतो, त्याला आपलं पाणी किंवा खनिजं कशाला हवीत? ती वाटेत जागोजाग पडलेली असतात. अर्थात लाखो वर्षं पुढे असलेल्यांना काय परवडतं हे मी इथे बसून ठरवणं थोडं धाडसाचंच.

मला खरा धोका त्यांच्यापासून नाही, आपल्या आपसांत वाटतो. १९६० मध्ये नासासाठी ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशन या अमेरिकी संशोधन संस्थेने तयार केलेल्या अहवालात एक इशारा होता: आपलं विश्वातलं स्थान पक्कं ठाऊक असलेले समाज, वेगळ्याच कल्पनांच्या अनोळखी समाजांशी गाठ पडल्यावर मोडून पडल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. धर्मांबद्दलची काळजी मला यात सगळ्यात कमी वाटते. हिंदू, बौद्ध, जैन परंपरांत अनेक लोक, अनेक विश्वं मुळातच आहेत. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख होसे फुनेस यांनी २००८ मध्ये परग्रहवासीयांना बंधू म्हणायला आपली हरकत नसल्याचं सांगून टाकलं. धर्म चिवट असतात. सूर्य मध्यभागी आला तेही त्यांनी पचवलं. राजकारणाचं तसं नाही. संदेशाचा अर्थ कुणी लावायचा आणि उत्तर कुणी द्यायचं, यावर भांडण अटळ दिसतं.

या बाबतीतली तयारी फार तोकडी आहे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळयान अकादमीने एक आचारसंहिता केली: आधी खात्री करा, इतर शास्त्रज्ञांकडून तपासून घ्या, मग जगाला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर देऊ नका. पण तो कायदा नव्हे. आपल्या बाजूने पहिली मोठी हाक तर त्याच्या खूप आधी दिली गेली. १९७४ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून १,६७९ बिंदूंचा एक संदेश सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवरच्या एम-१३ या तारकागुच्छाकडे गेला. ब्रिटनचे राज-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी त्यावर रागावून निषेध नोंदवला होता. तिथून उत्तर आलंच तर ५० हजार वर्षांनी येणार, तेव्हा त्याची चिंता करणारे कमीच होते.

नंतरच्या हाका इतक्या दूरच्या राहिल्या नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोजवळच्या केंद्रावरून काही शास्त्रज्ञ आणि कलाकारांनी मिळून जीजे २७३ या ताऱ्याकडे संदेश पाठवला. त्याच्याभोवती राहण्याजोगा असू शकेल असा एक ग्रह आहे, आणि अंतर साधारण १२ प्रकाशवर्षं. तिथे ऐकणारं कुणी असेल आणि त्याने लगेच उत्तर दिलं, तर ते २०४२ च्या सुमाराला इथे पोचू शकतं. ते कुणी वाचायचं आणि पुढचं वाक्य कुणाच्या नावाने पाठवायचं, हे सांगणारा बंधनकारक नियम आज एकाही आंतरराष्ट्रीय करारात नाही.